मोगऱ्याच्या बुंध्यातलं शेण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — देवापुढे हात जोडतानाही एवढी एक गोष्ट तेवढी गाळत आले. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. दुसरं काही मोठं कारण नाही.

माझी धाकटी जाऊ सुनंदा, खर्डीकडची. तिचे वडील तिथल्या एका फार्महाउसवर माळी. झाडाला कधी हात लावायचा आणि कधी नाही, हे ती लहानपणापासून बघत आलेली. दसरा झाला की गुलाब छाटायचा. मोगरा मात्र थंडीत — आधी महिनाभर पाणी तोडून ताण द्यायचा, पानं पिवळी पडू द्यायची, मग कात्री. आम्ही इकडे सिद्धगडाच्या पायथ्याची माणसं. आम्ही झाड तोडायचं ते राबासाठी. कोयत्याने टहाळ्या उतरवायच्या, शेणाबरोबर शेतात रचून भाजायच्या, मग त्या जागी भाताचं रोप जोमाने येतं. फुलझाडाचे एवढे लाड? मला हसू यायचं.

पण लग्न होऊन आल्यावर तिने मागच्या परसात मोगरा लावला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या त्या साठ झाडांनी आमचं परस पांढरं करून टाकलं. सासूबाई येईल त्या बाईला हाताला धरून मागच्या दारी न्यायला लागल्या. धाकटीचा हात बघा, धाकटीचा हात बघा. मी त्या घरात अकरा वर्षं गोठा काढत होते, माझ्या हाताचं नाव कुणी घेतलं होतं? जळत होते मी. त्याला गोड शब्द कशाला शोधू?

तिसऱ्या वर्षी, म्हशाच्या जत्रेला घरातले पुरुष बैल बघायला गेले होते, त्या दिवशी सुनंदाने छाटणी काढली. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर कात्री हातातच धरून हळूच म्हणाली, "ताई, मला सकाळीच अडचण आलीय. पन आज थांबले तं दिलेला ताण फुकट जाल. आईना नका सांगू." अडचण म्हणजे पाळी. त्या दिवसांत बाईने झाडाला शिवायचं नाही, हा सासूबाईंचा कडक नियम. मी म्हटलं, नाय सांगत. तिने ते मला एकटीला सांगितलं होतं.

दोन दिवसांनी तिचे वडील शिडीवरून पडल्याचा फोन आला. ती खर्डीला निघाली. जाताना दोनदा बजावून गेली — आठ दिवस पाणी नको, आणि खत घालायचंच तर खड्ड्यातलं जुनं, कुजलेलं. ताज्या शेणाने मुळं जळतात.

आता सांगायचं तेच सांगायला इतका वेळ लागला.

मी ताजं शेण घातलं. गोठ्यातून पाट्या भरभरून नेल्या, प्रत्येक झाडाच्या बुंध्याला लिंपून टाकलं, वर बादल्या ओतल्या. रोज. मुद्दाम केलं का? तेव्हा मनाशी म्हणत होते — शेणाने कधी कुणाचं वाईट झालंय? आमचं सगळं पीक शेणावरच तर उभं. यंदा फूल दुप्पट येईल आणि सासूबाई म्हणतील, थोरलीने केलं. पण मग सुनंदाचे शब्द मला पाठ कसे होते? दर पाटीला ते आठवत होते, आणि मी पाटी ओतत होते.

नवे फुटवे आले तसे काळे पडले. पंधरवड्यात झाडं काटक्यांसारखी झाली. ती यायच्या आदल्या दिवशी मी सगळं शेण खरवडून उकिरड्यावर टाकलं आणि बुंध्यांना कोरडी माती ओढली. इतकं व्यवस्थित काम मी त्या परसात पहिल्यांदाच केलं असेल.

सासूबाईंनी विचारलं, झाडांना झालं काय? मला गप्प बसता आलं असतं. कीड लागली म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "अडचण आलेली असताना छाटणी केलीन तिनं. मला सांगितलं व्हतं."

सुनंदा दारातच उभी होती. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ती नाही म्हणाली नाही. कशी म्हणणार? शिवली होती हे खरंच होतं. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, घाबरली होती ती — स्वतःच्याच हातांना. दहा-बारा झाडं अजून जिवंत होती, तीही सासूबाईंनी उपटायला लावली. तिथे वाल पेरला. सुनंदाने त्यानंतर कधी झाड लावलं नाही. लग्नकार्यात गजरा दिला तरी म्हणते, तुमीच माळा, माझ्या हाताने सुकंल.

सासूबाई गेल्या, त्यालाही आता पाच वर्षं झाली. मग कुणाची भीती होती मला? कुणाचीच नव्हती. "सुनंदा, ते मी केलं," एवढंच म्हणायचं होतं. रोज एका चुलीपाशी बसतो आम्ही दोघी.

गेल्या वर्षी तिच्या मुलीला, मनालीला, पहिल्यांदा पाळी आली. मनालीने दाराशी जुन्या डब्यात गुलाब लावलाय. सुनंदाने तिला जवळ बसवून सांगितलं, "या दिवसांत झाडाला शिवू नको गो. माझ्या हातानं साठ मोगरे मेलं." पोरगी हुशार, शाळेत शिकलेली. ती माझ्याकडे वळली. "मोठे आये, बाई तं सांगतात असा काय नसतं. खरं काय?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी वालाच्या शेंगा सोलत होते.

मी म्हटलं, "आय सांगते ते ऐक."

तिने ऐकलं. महिन्याचे ते चार दिवस ती गुलाबाकडे फिरकत नाही. माझी पाळी केव्हाच थांबलीय, म्हणून त्या दिवसांत पाणी घालायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. "तुझा हात चांगला हाय, मोठे आये," म्हणते. मी घालते.