आधी कुठून, मग कुठे

अभ्यंकरसरांच्या साठीनिमित्त पुस्तक निघतंय आणि त्यात मी लिहावं, असं समितीच्या लोकांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, मी चौथी पास, गोदामात काम करणारी बाई, मी काय लिहिणार? ते म्हणाले, सरांनीच तुमचं नाव दिलंय. का दिलं, ते मला कळलेलं नाही. सरांच्या बऱ्याच गोष्टी मला कळत नाहीत. तरी लिहिते, कारण एक गोष्ट छापून यायला हवी आहे आणि ती माझ्याशिवाय कोणी लिहिणार नाही.

सरांची माझी पहिली भेट रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला, आमच्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यात झाली. कॉम्प्युटर येणार येणार म्हणून गाजत होता, तेव्हाची गोष्ट. ते मशीन बसवून त्याला कामं शिकवायचं काम सरांकडे होतं. सर गोदामात आले आणि विचारू लागले, कुठला माल कुठल्या खोलीत आहे हे कोणाला माहीत असतं? हमालांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सर येऊन एका खोक्यावर बसले. मी म्हटलं, "उठा आधी. डबे चेपतील." सर उठले. दुसऱ्या दिवशी घरून स्टूल घेऊन आले आणि आठ दिवस त्यावर बसून मी काय करते ते वहीत लिहीत राहिले. मला वाटलं, माझी चौकशी लागली.

नवव्या दिवशी कळलं, मशीनवर मला बसवणार. एवढे कारकून असताना मला! सर म्हणाले, "गोदाम त्यांना कुठे माहीत आहे?" इंग्रजी अक्षरं मला डब्याच्या झाकणावरचे ठसे वाचून येत होती, तेवढी पुरली. सरांनी हुकूम मराठीच ठेवले होते, फक्त अक्षरं इंग्रजी. बाकी कारखाना मला 'ए लक्ष्मी' म्हणायचा, सर पहिल्या दिवसापासून नागवेकरबाई म्हणत आले. मी मशीनच्या काचेत नाक घालून वाचते हे त्यांनीच पाहिलं आणि चार दिवसांत डोळे तपासून घ्यायला लावले. चष्मा लागला. घरी इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण शिकताना मी त्यांना फार पिडलं. चपला बाहेर काढून मशीनच्या एसी खोलीत गारठत बसायचं, आणि ते मेलं मशीन एक काम सरळ ऐकेल तर शपथ. प्रत्येक हुकमाच्या आधी 'गोदाम' लिहायचं. मी विचारलं, "दर वेळी गोदाम कशाला? मी काय बाजारात बसलेय?"

सर म्हणाले, "तुम्ही गंगारामला काम सांगता तेव्हा आधी हाक मारता ना? मग काम सांगता, मग कशाचं ते सांगता. या मशीनमध्ये बरीच माणसं राहतात. गोदाम म्हटलं की तुमचा माणूस ओ देतो. मग त्याला सांगायचं, ठेव, हलव, शोध, नाहीतर पूस."

"आणि नुसतीच हाक मारली तर?"

"तर त्याला कुठकुठली कामं येतात ते तो सांगेल."

मी करून बघितलं. चारही कामं ओळीने आली. गंगाराम आमचा हमाल, वीस वर्षं झाली, तो असं कधी सांगत नाही.

इथवर ठीक. पुढे आकडे आले. एका दिवशी भरलेल्या डब्यांचा एक लॉट असतो. 'हलव' म्हटलं की तीन आकडे द्यायचे: आधी लॉट, मग कुठल्या खोलीतून, मग कुठल्या खोलीत. आकड्यांवर नाव नाही, खूण नाही. मी विचारलं, "यातला कोणता कशाचा, हे त्याला काय स्वप्न पडतं?"

"जागेवरून कळतं. केळीच्या पानात वाढता तसं. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. कोणी विचारतं का, ही चटणी आहे की भाजी?"

मला पटलं. कारखान्याच्या पूजेला शंभर पानं मी वाढते, एकाही पानात मीठ इकडचं तिकडे होत नाही. पटलं म्हणून मान हलवली आणि तिथेच फसले.

झालं असं. एक्केचाळीस नंबरच्या लॉटचे डबे फुगले. तो लॉट तिसऱ्या खोलीत होता, आणि तिसरी म्हणजे मुंबईला जायला तयार असलेला माल. खराब माल आठव्या खोलीत टाकायचा. मी हुकूम दिला: गोदाम, हलव, एक्केचाळीस, आठ, तीन. उलटा. का, तर इतकी वर्षं आम्ही हाताने चिठ्ठ्या लिहिल्या त्यात आधी 'कुठे' लिहायचो. हमाल डोक्यावर खोकं घेतलं की पहिलं विचारतो, कुठे न्यायचं? कुठून, ते त्याला दिसतंच. हाताला तीच सवय.

मशीनने काही म्हटलं नाही. चिठ्ठी छापून दिली. गंगाराम आठव्या खोलीत गेला आणि परत येऊन म्हणाला, "बाय, आठात एक्केचाळीस नाय. कोणीतरी आधीच नेलान." मी घाईत होते. म्हटलं, खराब माल कोणी फेकूनच दिला असेल, बरं झालं, सुटलो.

सकाळी आठवी खोली उघडली तर रिकामी. तिसरी उघडली तर तीही रिकामी. माल ट्रकवर चढून गेला होता, फुगलेल्या डब्यांसकट. कोणाच्या पोरांच्या पोटात जाईल ते! सरांकडे धावले. सरांनी स्कूटर काढली, म्हणाले, "बसा." आयुष्यात परक्या पुरुषाच्या स्कूटरवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले. हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रक सापडला, ड्रायव्हर चहा पीत होता.

"काय बाई, काय द्यायचं विसरलात?"

"जास्त दिलंय. खाली उतर आधी."

डबे परत आले, कोणाला काही झालं नाही. पण साहेबांच्या खोलीत मला उभं केलं. साहेब सरांना म्हणाले, "चौथी पास बाईच्या हातात मशीन दिलंत, हे असं होणारच. उद्यापासून हिला डबे धुवायला पाठवा."

सर म्हणाले, "चूक माझी आहे. लिहून देतो." आणि तिथेच कागद मागून लिहून दिलं.

मी बाहेर येऊन भांडले. "सर, उलटं मी टाकलं. तुम्ही कशाला आपल्यावर घेतलंत?"

"टाकलंत तुम्ही. पण उलटं घेतलं कोणी? एक्केचाळीस आठव्या खोलीत नव्हताच. मशीनमधल्या माझ्या माणसाने तुम्हाला विचारायला हवं होतं."

मला राग आला. म्हटलं, "आणि ते पानाचं कशाला सांगितलंत? पानात चटणी चुकून भाजीच्या जागी पडली तरी ती हिरवी दिसते, वाढणारीला कळतं. तुमच्या या पानात सगळं मीठच आहे!"

सर थांबले. खिशातून वही काढून त्यांनी हे लिहून घेतलं. मी चिडून बोलले आणि त्यांनी लिहून घेतलं! आठवड्याभरात मशीन सुधारलं. आता हुकूम दिला की ते आधी वाचून दाखवतं: लॉट एक्केचाळीस, तीनमधून काढून आठमध्ये, बरोबर? माल त्या खोलीत नसला तर नाही म्हणतं. 'पूस' म्हटलं तर दोनदा विचारतं. मी अजून त्याच खुर्चीवर आहे.

मुंबईच्या ऑफिसातल्या मोठ्या जागेसाठी सरांचं नाव होतं, ते मागे पडलं. कारखान्यात सगळे म्हणतात, त्या कागदामुळे. सर म्हणतात, मला रत्नागिरी सोडायचीच नव्हती. कुठलं खरं? मला वाचवायला त्यांनी खोटं लिहून दिलं, की त्यांना खरंच आपली चूक वाटली? मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हसून म्हणाले, "नागवेकरबाई, हलव करायला शिकलात, आता पूस करायला शिका." मला नाही जमत. तो कागद अजून फायलीत आहे आणि त्यावर सरांचं नाव आहे.

म्हणून इथे लिहिते, सगळ्यांसमोर. त्या दिवशी आकडे मी उलटे टाकले. गंगारामने सांगितलं तेव्हा तिसरी खोली उघडून बघितली नाही, तीही चूक माझीच. सरांचं काही चुकलं असेल तर ते मशीनमधलं मला कळत नाही, माझं मला कळतं.

सरांचे गुडघे धडधाकट राहोत, नजर अशीच बारीक राहो, आणि माझ्यासारख्या आणखी दहा जणींना शिकवून होईपर्यंत तरी देवाने त्यांना थकवू नये. समितीला एकच सांगणं. पुस्तक झालं की माझं हे पान कापून कारखान्याच्या फायलीत लावा, सरांच्या त्या कागदाच्या वर. खाली लावू नका. जागेवरून कळतं, असं सरांनीच शिकवलंय.

— लक्ष्मी नागवेकर, गोदाम विभाग