नंदूचं नाक आणि सावंताचे कॅन

सावंताची जीप विकली गेली त्याला जमाना झाला. पेट्रोलचे हिरवे कॅन भंगारवाल्याने नेले. घरात उरले ते कॅनचे किस्से. एक काढला की त्याच्यामागून दुसरा येतोच. बायको म्हणते, "हेही भंगारात द्या एकदाचे!" देईन. आधी ऐकून तर घ्या.

आम्ही चौघे, सगळे बोरिवलीचे. सावंत मूळचा मालवणचा. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घ्यायची अवदसा त्यालाच आठवली. कांबळे साताऱ्याकडचा, टेलिफोन खात्यात होता. पेट्रोलचं खातं मात्र त्याने आपणहून अंगावर घेतलेलं. तिसरा मी, आणि चौथा माझा धाकटा भाऊ नंदू. त्याला लहानपणापासून दमा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सुट्टी मिळाली की रस्ता संपेल तिथून पुढे जीप घालायची, हा आमचा उद्योग. जव्हार सोडून मोखाड्याच्या रानात शिरलं की ना पंप, ना डॉक्टर. आई दर वेळी दारात उभी राहून मला एकच सांगायची, "त्याला घेऊनच परत ये. नाहीतर तूही येऊ नकोस." आई थट्टा करणाऱ्यातली नव्हती. रानात पेट्रोल संपलं आणि तेव्हाच नंदूला अटॅक आला तर काय, ही धास्ती मला अख्खा प्रवासभर असायची. बाकीचे डोंगर बघायचे, मी पेट्रोलचा काटा बघायचो.

* * *

कॅन आणायला आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात जायचो. चांगला कॅन ओळखायची आमची खास पद्धत होती. गंज बघायचा, झाकणातला रबरी वॉशर बघायचा, मग थोडं पेट्रोल ओतून, झाकण लावून कॅन आडवा नंदूच्या मांडीवर ठेवायचा. जरा जरी पाझरला तरी नंदू खोकायचा. खोकला की कॅन नापास! कल्पना त्याचीच. "गाडीत दिवसभर खोकण्यापेक्षा इथे एकदाच खोकतो ना," म्हणायचा.

"आदमी है या मीटर?" दुकानदार हसायचा.

एकदा एक कॅन अगदी झकास मिळाला, जवळजवळ नवाच. नंदूने मांडीवर घेतला. खोकला नाही. पण लगेच खाली ठेवला आणि उठून उभा राहिला.

"काय रे, लीक आहे?"

"नाही. मी खोकलोच नाही. आतून कोणीतरी खोकलं."

आम्ही खो-खो हसलो. दुकानदार हसला नाही. त्याने कॅन उचलला आणि आत नेऊन ठेवला. "ये बेचने का नहीं है."

"मग बाहेर कशाला मांडला होतास?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मैंने नहीं रखा साब."

* * *

रिकामे कॅन सावंताच्या गॅलरीत असायचे. दुपारी ऊन तापलं की पत्रा फुगायचा आणि 'टण्ण' असा आवाज यायचा. सावंताची आई दचकून उठायची. कांबळेने तिला शाळामास्तरासारखं समजावलं, "काकी, आतली हवा तापते, पत्रा बाहेर येतो. घाबरायचं काही नाही."

काकींना पटलं. रोज टण्ण झालं की त्या म्हणायच्या, "हवा तापली," आणि कूस बदलायच्या.

मग एकदा सावंताने सगळे कॅन मालाडच्या कोणा ओळखीच्याला वापरायला दिले. दोन दिवसांनी आम्ही त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. भर दुपार. गॅलरीत टण्ण!

सगळ्यांचे घास हातात राहिले. कांबळेने वाकून पाहिलं. गॅलरीत एक झाडूसुद्धा नव्हता. काकींनी शांतपणे त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, "कॅन गेले मां? मग आता काय तापता, तां सांग!"



* * *

कांबळेचा एक कायदा होता. कॅन कधी गळ्यापर्यंत भरायचा नाही, वर चार बोटं जागा सोडायची. दहिसर नाक्याच्या पंपावर सावंत यावरून दर वेळी भांडायचा. "अरे यार, ही जागा कोणासाठी राखून ठेवतोस?"

"वाफेसाठी. तिलाही बसायला जागा लागते."

एकदा विक्रमगडच्या पुढे उन्हात जीप थांबवून कांबळेने झाकण उघडलं. कोंडलेली वाफ 'हुश्श' करून बाहेर आली. अगदी म्हाताऱ्या माणसाने चालून दमून बाकावर टेकावं तशी. आम्ही तिघांनी नकळत मागे पाहिलं.

मागच्या सीटवर नंदू गाढ झोपला होता. डोळे न उघडता तो एका बाजूला सरकला आणि म्हणाला, "बसा ना काका."

पुढचा सगळा रस्ता मागच्या सीटवर त्याच्याशेजारी बसायला आमच्यापैकी कोणी तयार होईना!

* * *

कसाऱ्याच्या घाटात एकदा एक जुनी काळी मोटार बंद पडलेली दिसली. धोतर-कोटातला एक गृहस्थ हात करत होता. पेट्रोल संपलं होतं. माझा जीव वरखाली, कारण ते पेट्रोल नंदूसाठी राखलेलं. पण नंदूच म्हणाला, "दादा, दे रे. आपण असे अडकलो असतो तर?"

कांबळेने निम्मा कॅन त्याच्या टाकीत ओतला. गृहस्थाने नमस्कार केला, मोटार सुरू केली आणि उतारावरून पुढे निघून गेला. आम्ही कॅन बांधून मागोमाग निघालो. घाटाच्या पायथ्याशी चहा घेताना चहावाल्याला विचारलं, "आत्ता काळी मोटार गेली ना?"

"सकाळपासून काळी मोटार नाही गेली. मी इथंच आहे."

वाटेत कुठे दरीत तर गेली नसेल, म्हणून आम्ही पुन्हा वर चढलो. मोटार उभी होती त्या जागी रस्त्यावर पेट्रोलचं हे एवढं थारोळं. सगळं तिथेच सांडलेलं, एक थेंब इकडे तिकडे नाही.

सावंताचं तोंड पांढरं पडलं. कांबळे मात्र भडकला. "भूत असलास तर अस रे, पण टाकी तरी नीट ठेव!"

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

मोखाड्याच्या पलीकडे एका नव्या वाटेने निघालो होतो. धूळ इतकी, की नंदूची छाती घरघरायला लागली. गोळी दिली, उतार पडेना. ओठ निळसर दिसायला लागले. जीप उलटी फिरवली, जव्हारचा दवाखाना गाठायचा. थोडं अंतर गेलो आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. कांबळे कॅन आणायला मागे धावला, आणि तसाच उभा राहिला. कॅन बांधायचा पट्टा तुटून लोंबत होता. कॅन वाटेत कुठेतरी पडला होता.

"वाट लागली," सावंत पुटपुटला. मी नंदूला धरून बसलो होतो. त्याला बोलता येत नव्हतं, नुसता माझ्याकडे बघत होता. मला आईचं दार दिसत होतं.

समोरच्या झोपडीतून एक म्हातारी आली. कमरेवर पेट्रोलचा कॅन. हिरवा, वर कांबळेने रंगवलेला पांढरा पट्टा, आमच्या सगळ्या कॅनवर असतो तसा.

"तुमचा डबा न्या," ती म्हणाली.

विचारायला वेळ कोणाला होता? ओतला आणि सुटलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. संध्याकाळी नंदू उठून बसला आणि त्याने चहा मागितला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

पुढच्या रविवारी आम्ही चौघेही म्हातारीला लुगडं घेऊन गेलो. पडलेला कॅन तुम्हाला कुठे सापडला, असं मी विचारलं.

"सापडला कुठं? आदल्या दिवशी तुम्हीच ठेवून गेलात ना. उद्या लागेल म्हणालात."

"आम्ही? आजी, आम्ही त्या वाटेने पहिल्यांदाच आलो होतो."

"तुम्हीच," ती म्हणाली. सावंताकडे, कांबळेकडे, माझ्याकडे तिने एकेक करून बोट केलं. नंदूकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि मान हलवली. "हा नव्हता. तिघंच होतात."

मग पुन्हा माझ्याकडे वळली.

"आणि तू तर नुसता रडत होतास."