आत्याने न ऐकलेला अर्धा मेसेज

माझ्या आत्याचं प्रेम एका ब्लूटूथ स्पीकरने संपवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.
बाबा ही पोस्ट वाचतील. वाचू देत.

आत्या तरुणपणीच विधवा झाली आणि अमडापूरला आमच्या घरी परत आली. भावाकडे राहायचं म्हणजे मान खाली घालून, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

सकाळी ती काकूबरोबर शेडनेटमध्ये कामाला जायची. मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला हाताने लावायचे. मधमाशीने लुडबुड करू नये म्हणून चारी बाजूंनी जाळी.

त्या जाळीतही तिच्याकडे एक माणूस यायचा. फोनमधून.

धाडच्या बाजारात ओळख झालेला. नाव विचारलं की लाजायची. नंबर सेव्ह होता "गॅस बुकिंग" म्हणून!

टाइप करायचा तिला कंटाळा, त्यामुळे सगळं बोलणं व्हॉइस मेसेजवर. फोन कानाला लावायची आणि गालातल्या गालात हसायची.

शेडनेटमध्ये बायका गाण्यांसाठी स्पीकर आणायच्या. त्या दिवशी तो आत्याच्या फोनला जोडलेला होता, हे ती विसरली.
मेसेज आला. सवयीने फोन कानाला लावला.

आणि आवाज अख्ख्या शेडनेटमध्ये.

"अहो, ऐका ना. मी काय म्हणून राह्यलो, आपण असं चोरून किती दिवस..."

आत्याच्या हातून फोन पडला. काकूने उचलला, बंद केला आणि थेट बाबांकडे नेला.

नंबर कुणाचा, हेसुद्धा बाबांनी विचारलं नाही. सिम मोडलं, फोन फॉरमॅट मारला. आत्याला कीपॅडवाला फोन दिला, त्यात फक्त घरचे नंबर.
शेडनेट बंद. बाजार बंद.

"तुह्या भल्यासाठीच करून राह्यलो," म्हणाले.

मग उरलं काय? गोठा, स्वयंपाकघर आणि टीव्ही.

मी सुट्टीत घरी गेले की भाजी निवडताना ती हळूच विचारायची,
"पुढं काय म्हणला असन व तो?"
"आत्या, नाव सांग. मी शोधते त्याला."
"नको माय. तुह्या बापाले समजलं तर तुहं कॉलेज बंद करन."
मग स्वतःशीच, "जे काई म्हणला असन, मी हाव म्हणली असती."

गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेली.

तेरवीला मांडवाच्या कडेला एक अनोळखी माणूस बसला होता. मी पाणी द्यायला गेले.
"कुठले तुम्ही?"
"धाडचा. कांदे विकतो बाजारात. ग्रुपवर त्यायचा फोटो पाह्यला, श्रद्धांजलीचा."

मी तांब्या खाली ठेवला.

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्यायनं माहा शेवटचा मेसेज ऐकला होता नं? माईक निळा झाला होता."

मी सगळं सांगितलं. स्पीकर, काकू, सिम.
आणि तिचं "हाव", तिचा होकारसुद्धा.

त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. मग त्यांनी मला उरलेला मेसेज सांगितला. शब्दन् शब्द पाठ होता त्यांना.

आत्या, तुला हवं होतं ना? घे, ऐक.

"शुक्रवारी तुमच्या घरी येतो. भावाले रीतसर मागणी घालतो. पण आधी तुमचं हाव पाहिजे. मनात नसन तर काईच बोलू नका. मी समजून जाईन."

तू काहीच बोलली नाहीस, आत्या.
ते समजून गेले.

माझ्या लाडक्या आत्याला भावपूर्ण श्रद्धांजली. तुझं उत्तर पोचवलंय.