मान डोलावणाऱ्या मावशी
एका वर्षी अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या लायब्ररीत एक मावशी रोज खिडकीजवळ दिसायच्या. गृहकर्ज सल्लागाराच्या परीक्षेचा त्या एकट्याच अभ्यास करत. कुणी मराठी बोलताना ऐकू आलं, की पुस्तकावर शाल ओढून घेत.

एकदा मी शेजारी बसलो, तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "हप्ते झेपेनात, आमचं घर बँकेकडे गेलं हो. व्याजाचा रेट पुढे वाढणार, असं कर्ज देताना एजंट सांगत होता. त्याचं इंग्लिश मला कळेना, पण विचारायची लाज वाटली. मी मान डोलावत राहिले. यांना वाटलं, मला समजलंय. मग दोघांनी सह्या केल्या."

"आणि आता तुम्ही हेच काम करणार?"

"पास झाले, तर समोरच्या बाईला मराठीत सांगेन. ती 'कळलं' म्हणाली, तरी पुन्हा सांगेन."