कळव्याच्या मैदानाचं सुतक

हे गेल्याची बातमी मलाच सगळ्यांना कळवावी लागली. सिंगापूरलाही तार केली... ज्या गावावरून आमचं भांडण झालं, त्या गावाला.

मुंबईत कारकुनी करता करता हे बास्केटबॉल शिकले आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच सिंगापूरच्या एका कंपनीने आपल्या संघासाठी यांना नेलं. दिवसा गोदामात काम, संध्याकाळी खेळ. मी इथे कळव्याला, सासूबाईंपाशी. तिकडे नाव काढून हे परतले आणि घरासमोरच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून मिठागरावरच्या पोरांना शिकवू लागले. पोरं सगळी हुतूतूत मुरलेली. पहिल्याच सामन्यात नारायणने चेंडू घेऊन आलेल्या गड्याची कंबर जी धरली ती सोडेचना. पंच शिट्टी फुंकून दमला.

"अरे, सोड त्याला!" हे ओरडले.

"कसा सोरू, मास्तर? त्याचा दम तुटला नाय अजून!"

ही गोष्ट सांगताना यांच्या डोळ्यांत हसून पाणी यायचं.

मग सिंगापूरहून पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला बिऱ्हाडासाठी जागाही देणार होते. मी मनातल्या मनात ट्रंक भरलीसुद्धा. हे म्हणाले, "पोरं आत्ता कुठे गडी सोडून चेंडू धरायला शिकलीत गं." झालं! मी कितीतरी दिवस अबोला धरला आणि त्या मैदानावर कधी पाय ठेवला नाही. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळी तो धपधप आवाज सुरू झाला की वाटायचं, सवतच दारात नांदतेय.

यंदा काविळीने यांना धरलं ते सोडलं नाही. शेवटी शेवटी मी विचारलंच, "इथे राहिल्याचा पस्तावा होतो का हो?"

"मैदानाचा नाही..." हे म्हणाले, "तुला बोटीत बसवायचं राहिलं."

"मला बोट लागते," मी म्हटलं. मी जन्मात बोटीत बसले नव्हते. हे मात्र हसले.

दहाव्याचं पुतण्याने केलं. दुपारी दारात पोरं येऊन उभी राहिली, सगळ्यांनी मुंडण करून डोकी केलेली. बाप हयात असताना डोकं करत नाहीत. नारायणचा बाप मागे कपाळाला हात लावून उभा होता, पण पोराला एक शब्द बोलला नाही. मला मात्र रडू आवरेना.

तेरावं झालं तरी मैदान गप्पच. घर खायला उठलं. शेवटी मीच पहिल्यांदा खांबापाशी गेले आणि म्हटलं, "किती दिवस सुतक पाळणार? खेळा रे."

"वहिनी, तुम्हाला आवाजाचा तरास व्हतो ना?" नारायणने विचारलं.

"आवाज नाही झाला तर होतो," मी म्हटलं.

आता संध्याकाळी मी उंबऱ्यात बसते. चेंडू कधी अंगणात येतो. तो न्यायला नारायण येतो, वाकतो. डोक्यावर बारीक केस उगवलेत त्याच्या. त्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "जा, खेळ."