मिस्तरींचा अमीन

“बोलती का?”

तार छेडायची, मान तिरपी करायची आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे टक लावून हा प्रश्न टाकायचा, ही आमच्या मिस्तरींची रीत. बोलती का म्हणजे तार बोलते का. आपण “बोलती” म्हटलं, की ते “बराबर!” म्हणून मांडी नीट घालत आणि मगच भजन सुरू होई. आम्हाला वाटे, माणसाला कौतुक ऐकायची हौस आहे. हौस काय, कुणाला नसते? आम्ही “बोलती, बोलती” म्हणून मोकळे व्हायचो.

मिस्तरी जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि मी त्याच जिनिंगच्या हापिसात कारकून. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. दिवसभर ते इंजिनाच्या खोलीत तेलाने माखलेले असत. पण गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात आले की ओळखू येत नसत. काळी टोपी तिरपी, मिशीला तेल, कोटाची सगळी बटणं लावलेली आणि दोन्ही कानांत अत्तराचे फाये. त्यांना हाक मारली की दोनदोनदा मारावी लागे. मग कुणीतरी म्हणे, “मिस्तरी, ते फाये काढा आधी!” मिस्तरी हसून म्हणत, “बराबर!” आणि फाये काही काढत नसत.

आमच्या भजनी मंडळात मी ढोलकी वाजवायचो आणि मिस्तरी बुलबुलतरंग. तुमच्यापैकी कुणी तो पाहिला नसेल तर सांगतो. हातभर लांब लाकडी पेटी, वर ताणलेल्या पोलादी तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. आवाज मोठा गोड, पण एवढासा. माझी ढोलकी सुरू झाली की तो कुठल्या कुठे जाई. मिस्तरी वर्षानुवर्षं आमच्यात बसून मन लावून वाजवत होते आणि ते काय वाजवतात हे एका दत्तालाच ठाऊक होतं.

मग जालन्यात लाउडस्पीकर आला. स्टेशनाजवळ दुकान असलेल्या एका चाचांनी तो आणला. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं मशीन, आणि त्याला जोडलेला भला मोठा कर्णा. आमचे बुवा माइकपुढे बसले आणि कुंडलिका नदीच्या पलीकडे ऐकू जाऊ लागले. बुवा म्हणजे मंडळाचे म्होरके, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, अडते. त्यांचा आवाज मोठा होता आणि त्या आवाजावर त्यांचं स्वतःचं प्रेम त्याहून मोठं. माइक आल्यापासून तर ते घरी बायकोशी बोलतानासुद्धा मध्येच आलाप घेत, असं लोक म्हणत.

मिस्तरींनी मात्र चाचांच्या दुकानात बैठक मारली. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं होतं, त्यातला एक हेडफोन चाचांकडे पडून होता. मिस्तरींनी तो उघडला. आत एक चुंबक, त्याच्यावर केसासारख्या तारेची वेटोळी आणि समोर लोखंडाची पातळ पत्री. त्यांनी पत्री काढून फेकली आणि राहिलेला ऐवज बुलबुलतरंगाच्या तारांखाली बसवला. मशीनला जोडला. तार छेडली. कर्ण्यातून असा खणखणीत स्वर आला की समोरचा चहावाला कपबशी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“मिस्तरी, ये तो बाताँ कर रा!” चाचा ओरडले.

“बोलती का?” मिस्तरींनी तरी विचारलंच.

चाचा त्याला पिकप म्हणाले, म्हणून आम्हीही पिकप म्हणू लागलो. तो देवळात आला त्या पहिल्या गुरुवारी नेमका बुवांचा माइक बिघडला होता. बुवांनी पाहिलं, बुलबुलतरंगातून एक वायर मशीनकडे गेलीय. म्हणजे हाही माइकच की! त्यांनी मिस्तरींच्या पुढ्यात बैठक घेतली, पेटीवर ओणवे झाले आणि डोळे मिटून अख्खा अभंग त्या पिकपला म्हणून दाखवला. मिशा तारांत अडकत होत्या, पण बुवा हटले नाहीत. कर्ण्यातून त्यांचं एक अक्षर बाहेर पडलं नाही. गावाने ऐकला तो नुसता बुलबुलतरंग, आणि मधूनमधून मिशांचा खर्र आवाज.

“हे काय मिस्तरी? माझा आवाज कुठं गेल्ता?”

“बुवा, याला फकस्त लोखंड ऐकू येतं. माणसाचं बोलणं न्हाई.” मिस्तरी खुशीत हसले. “लई सुखी जीव हाय.”

बुवा पुढचे दोन गुरुवार त्यांच्याशी बोलले नाहीत. मिस्तरींना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे त्यांना नादच लागला. एकाचे तीन पिकप झाले आणि तिघांनाही नावं मिळाली. टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधून केलेला तो मावशी. त्याचा आवाज गोल, मऊ, मायेचा. लष्करी हेडफोनचा तो पंतोजी. त्याचा शब्द न् शब्द स्पष्ट. तिसऱ्याची कथा निराळी. जिनिंगच्या इंजिनाचा जुना मॅग्नेटो मोडीत निघाला, त्यातलं नालासारखं दांडगं चुंबक मिस्तरींनी उचललं आणि हाताशी होती ती सगळी तार त्याच्याभोवती गुंडाळली. कमी-जास्ती काही पाहिलं नाही, संपेपर्यंत गुंडाळली. त्याचं नाव अमीन. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणत, आणि अमीन गल्लीत शिरला की ते सांगावं लागत नसे. हाही तसाच. तार छेडायच्या आधीच घूंऽऽ करून दरडावायचा आणि छेडली की डरकाळी फोडायचा.

रविवारी मिस्तरींच्या ओट्यावर वाजवणाऱ्यांची गर्दी होई. भजनवाले सगळे मावशीचे भक्त. “मावशी कुणाचं चुकलंमाकलं भाहेर सांगत न्हाई,” असं एकाने मला कानात सांगितलं होतं, आणि त्याची बोटं पाहिल्यावर ते मला पटलं. उरुसाला आलेल्या कव्वालांच्या पार्टीतला बेंजोवाला (बुलबुलतरंगालाच ते बेंजो म्हणत) मात्र पंतोजीवर जीव टाकून बसला. “देखो मिस्तरी,” तो म्हणाला, “इसमें एक एक सुर अलग दिखता, बिर्यानी के चावल के माफिक.” त्याचा हात विजेसारखा चाले, आणि ते लोकांना कळावं अशी त्याची साहजिकच इच्छा होती. मी बघत असे. कुठला पिकप का आवडतो हे विचारलं की वाजवणारा सुराबद्दल बोलायला लागतो आणि निम्म्याहून जास्त स्वतःबद्दल सांगून जातो.

अमीनला कुणी हात लावत नसे. तो एकट्या मिस्तरींचा लाडका. का आवडतो विचारलं तर दर रविवारी कारण नवं. “दम हाय त्याच्यात.” “लोखंड खानदानी हाय.” “मावशी तर झोपेत बोलून राह्यली, तिचं काय ऐकता?” मावशी, पंतोजी लोकांना वाजवायला द्यायचे आणि स्वतः मात्र गुरुवारी अमीन लावून बसायचे. माझ्या ढोलकीचा पार भुगा व्हायचा. बुवांच्या आलापावर तर अमीन असा चालून जाई की बुवा मध्येच थांबून पाणी पीत. इतकी वर्षं ज्यांना कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचंच आता ऐकावं लागत होतं.

अशात आम्हाला आष्टीहून बोलावणं आलं. तिथल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दुपारी आमचं भजन ठरलं. आष्टी ही बुवांची सासुरवाडी. बुवांनी मंडळाला जमवलं आणि मिस्तरींच्या समोर उभं राहून, हात हलवून, स्पष्ट सांगितलं, “मिस्तरी, हा गोंधळ माझ्या सासुरवाडीत चालणार न्हाई. मावशी लावा, न्हाई तर येऊ नका. आन् मंग मंडळातबी येऊ नका.”

“बराबर,” मिस्तरी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तार न छेडताच पेटी बंद केली.

परतूरपर्यंत आगगाडी होती. स्टेशनावर मिस्तरींची बायको मला बाजूला घेऊन गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी जड माझ्या हातात दिलं.

“भाऊजी, हे तुमच्यापाशी असू द्या. अमीन हाय.”

“वैनी, बुवा मला गाडीतून खाली उतरवतील.”

“मावशी त्यांना ऐकूच येत न्हाई वो. पंतोजीबी न्हाई. इंजनानं कान खाल्ले त्यांचे. ह्यो एकला अमीनच काय तो ऐकू येतो.” तिने पदर तोंडाला लावला. “फाये कशापायी घालतेत, वाटलं तुमाला? कोणाला सांगू नको म्हन्ले. ऐकू न येणाऱ्याला भजनात कोण बसू देतं?”

मी फलाटाकडे पाहिलं. मिस्तरी तिरप्या टोपीत चाचांना कर्णा चढवायला मदत करत होते. चाचा काहीतरी बोलले आणि मिस्तरी झोकात म्हणाले, “बराबर!” किती गुरुवार त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून “बोलती का” विचारलं होतं, आणि मी तंबाखू मळत उत्तर दिलं होतं.

आष्टीला देवळापुढचा मांडव गच्च भरला होता. पुढच्या रांगेत बुवांचे सासरे आणि दोन मेहुणे. मावशी लागली. पहिला अभंग मिस्तरींनी बोटांच्या सवयीवर तारून नेला. दुसऱ्यात एक खुंटी सैल झाली आणि तार उतरली. मावशीने पुष्कळ झाकलं, पण तीही झाकून किती झाकणार? मिस्तरी ऐटीत वाजवत राहिले आणि बेसूर कर्ण्यातून गावभर जात राहिला. धाकटा मेहुणा तोंडावर उपरणं धरून हसला. मग रांगच हसली. बुवा लालबुंद झाले.

अभंग संपला. मिस्तरींना हसणं ऐकू आलं नव्हतं, दिसलं होतं. त्यांनी तार छेडली आणि माझ्याकडे वळले. या खेपेला मान तिरपी नव्हती.

“बोलती का?”

मला “बोलती” म्हणवेना. मी ढोलकी बाजूला ठेवली, बुवांपाशी सरकलो आणि त्यांच्या कानात सांगितलं, “बुवा, त्यांना ऐकू येत न्हाई. कधीचंच. अमीन तेवढा ऐकू येतो.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मिस्तरींकडे पाहिलं. मी फडकं सोडलं. माझी खात्री होती की बुवा आता तो नाल उचलून मलाच मारणार. त्यांनी तो उचलला खरा, पण मिस्तरींच्या पुढ्यात नेऊन ठेवला, आणि त्यांना ओठ दिसतील असं समोर बसून म्हणाले, “तार लावा आधी. मंग बसवा तुमच्या अमीनाला. माझ्या सासुरवाडीलाबी कळू द्या!”

मिस्तरींनी अमीन बसवला. घूंऽऽ झालं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. त्यांनी कान टवकारून तार लावली, स्वतःची स्वतः. मग जे सुरू झालं ते काय सांगावं! देवळाच्या शिखरावरची कबुतरं उठली ती आरतीपर्यंत परतली नाहीत. मांडवामागे बांधलेले बैल दावी तोडायला लागले. बुवांनी अमीनच्या वरताण आवाज लावला आणि अमीनने बुवांच्या. सासरे दोन्ही हातांनी कान झाकून मान डोलावत होते. येताना गाडीत बुवांचा घसा पार बसला होता. कुणी काही विचारलं की ते नुसते कुजबुजायचे, “बराबर.”

तेव्हापासून अमीन मंडळात कायमचा झाला. “हा गोंधळ आमच्या मंडळाची शान हाय,” असं बुवा नव्या माणसाला सांगत.

पुढे रझाकारांच्या गडबडीचं साल आलं, जिनिंग काही महिने बंद पडलं, आणि राज्य बदललं त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्तरी थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेले. मावशी आता बुवांकडे असते. पंतोजी कव्वालांच्या पार्टीबरोबर हैदराबादेत फिरतो. अमीन वैनींनी कुणाला दिला नाही. मिस्तरी नाहीत ही गोष्ट माझ्या अजून अंगवळणी पडलेली नाही. गुरुवारी ढोलकी चढवली की मी उजवीकडे बघतोच.

त्यांचं शेवटचं भजन तेवढं सांगतो. दिवेलागणीची वेळ होती. दुसरा अभंग अर्ध्यावर आला आणि अमीन गप्प झाला. बॅटरी उतरली होती. चाचा मशीनपाशी धावले, त्यांनी दोन्ही हात पसरून आम्हाला खूण केली: खतम. मी मिस्तरींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, मान डोलत होती आणि बोटं बटणांवर चालली होती. अमीनचासुद्धा आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

बुवांनी गाणं थांबवलं नाही, पण आवाज खाली आणला, अगदी गुणगुणण्यावर. मी ढोलकीवर नुसती बोटं ठेवली. चाचा मुक्या कर्ण्याशेजारी पहाऱ्यावर असल्यासारखे उभे राहिले. आणि देवळात उघड्या तारांचा तो एवढासा आवाज ऐकू आला. एक स्वर चुकला नव्हता. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, आणि त्यांचा हात इतका गोड आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अभंग संपला. मिस्तरींनी डोळे उघडले, तार छेडली.

“बोलती का?”

“बोलती!” बुवा, मी आणि चाचा एकदमच म्हणालो.

मिस्तरींनी टोपी तिरपी केली आणि अमीनवर मायेने हात फिरवला. “आज अमीनसाहेब खुशीत व्हते, न्हाई?”

“बराबर,” आम्ही म्हणालो.