मुदत नसलेलं कलम

परवा भर दुपारी तो नवनगरच्या आमच्या घरी आला आणि फाटकाशीच चपला काढून उभा राहिला. माझा जुना विद्यार्थी, आता माझ्याच जुन्या विद्यापीठात प्राध्यापक. एरवी "मॅडम, चहा टाका" म्हणत थेट स्वयंपाकघरात येणारा हा पोरगा!

मी तीस वर्षं राज्यघटना शिकवली आणि शेवटी कलघटगी रस्त्यावरच्या एका लहान खासगी विद्यापीठाची कुलगुरू झाले. वर्गात माझा पहिला धडा ठरलेला. कुणाला अधिकार देणारं कलम दिसलं, की आधी तो अधिकार संपतो कधी ते शोधा. पोरं मागच्या बाकावर माझी नक्कल करायची, "मुदत कुठाय, मुदत?" करू देत, डोक्यात तर बसत होतं.

विद्यापीठाचे नियम मीच लिहिले. त्यात एक कलम घातलं: तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना चौकशीआधीच कुणालाही निलंबित करता येईल. मसुदा अण्णाला, माझ्या वकील भावाला, दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. लाडात आला की तो मला कन्नडमधून तंगी म्हणतो, धाकटी बहीण. त्या दिवशीही म्हणाला, पण लाडानं नव्हे.

"तंगी, किती दिवसांसाठी हे लिहिलंच नाहीस की गं."

"खुर्चीत मी आहे ना?" मी फणकारले. "मी काय कुणाला वर्षभर टांगून ठेवणार आहे?"

त्यानं मसुदा मिटून परत दिला. मला वाटलं, जिंकले.

मी ते कलम एकदाच वापरलं, आठ दिवसांत मागेही घेतलं. मग निवृत्त झाले. माझ्या जागी जे गृहस्थ आले, त्यांना या पोरानं भर बैठकीत परीक्षेच्या निकालाबद्दल प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी निलंबन. दिवाळी गेली, उगादीचा पाडवा गेला, चौकशी सुरूच नाही. माझे जुने सहकारी माझा फोन उचलेनासे झाले. एकजण बाजारात दिसला, तर मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला.

पण मी हातपाय गाळले नव्हते. त्यानं कोर्टात दाद मागितली होती आणि सोमवारी तारीख होती. मी प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं: मुदत घालायची नजरचुकीनं राहिली. कलम लिहिणारीच असं म्हणते म्हटल्यावर याची नोकरी वाचेल, अशी माझी खात्री होती.

"बस की, उभा काय राहिलास!" मी त्याला आत आणत म्हटलं आणि तो कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला नाही. पिशवीतून दुसरा कागद काढला. विद्यापीठानं कोर्टात दाखल केलेलं, नियम मंजूर झाले त्या बैठकीचं इतिवृत्त. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

कुलगुरू म्हणाल्या की मुदत घातल्यास प्रशासनाचे हात बांधले जातील, म्हणून ती मुद्दाम घातलेली नाही.

खाली माझी सही. शप्पथ, मला ते वाक्य आठवतही नव्हतं. पण आवाज माझाच होता, तो फणकाराही माझाच.

"मॅडम, हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले."

त्यानं माझं प्रतिज्ञापत्र नीट घडी घालून टेबलावर ठेवलं. पाया पडला. फाटकाशी जाऊन चपला घातल्या आणि वळून न बघता गेला.